अपराधाविना लाज

विंचूरहून निफाडमार्गे नाशिककडे निघाले, की रस्त्याच्या कडेच्या भिंती वाचत वेळ बरा जातो. कांद्याचे बियाणे, सिमेंट, द्राक्षबागेची औषधे, इंग्रजी बोलायला शिकवणारे वर्ग. आणि मध्येच, एखाद्या पडक्या गोठ्याच्या भिंतीवर, ठसठशीत अक्षरांत ‘गुप्तरोग’. खाली वार, वेळ आणि लॉजचे नाव. बाकीच्या जाहिराती माणसे मोठ्याने वाचतात. ही मात्र सगळेजण वाचतात आणि कुणीच वाचत नाही. वस्तुतः १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय यांच्या कायद्याने असल्या जाहिरातींना बंदी आहे. पण ज्या दुखण्याची फिर्याद करायला कोणी पुढेच येत नाही, त्याच्या जाहिरातीची फिर्याद तरी कोण करणार?

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात आले असेल. शेजारी चकलीचा डबा उघडा आहे, नातवंडे अंक ओढीत आहेत, आणि हे गृहस्थ काय सांगत बसले! मला तो आक्षेप मान्य आहे, म्हणून मी जपूनच लिहिणार आहे. परंतु ज्या घरात चकली आहे त्याच घरात हे दुखणेही असते. ते लॉजवर राहायला जात नाही.

प्रथम शब्दाचीच अडचण. पुरुषाच्या इंद्रियाला हवा तेव्हा ताठपणा येत नाही किंवा टिकत नाही, या साध्या शारीरिक गोष्टीला आपल्या बोलीत साधा शब्द नाही. ‘नपुंसक’, ‘षंढ’ हे शब्द आहेत. पण ती रोगांची नावे नव्हेत, शिव्या आहेत. मधुमेह झालेल्या माणसाला आपण ‘मधुमेही’ म्हणतो आणि त्याला वाईट वाटत नाही. येथे रोगाचे नाव उच्चारले की माणसाचीच किंमत उतरते. इंग्रजीतही पूर्वी जो शब्द रूढ होता त्याचा अर्थ ‘सामर्थ्यहीन’ असाच होता. १९९२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली, तीत हा शब्द सोडून कार्यातील बिघाड एवढाच अर्थ असलेली संज्ञा वापरावी असे ठरले. नाव बदलल्याने रोग जात नाही हे खरे. पण रोगी दवाखान्याची पायरी चढतो, आणि बरे होण्याची सुरुवात तेथूनच होते.

आता माझे स्वतःचे सांगतो. मी निवृत्त शिक्षक आहे. संस्कृत आणि मराठी शिकवण्यात आयुष्य गेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, मधुमेह होऊन सात-आठ वर्षे झाल्यावर, मलाही हा अनुभव आला. पत्नीला मी लगेच सांगितले. सांगण्यासारखे काही उरले नव्हते, तिला कळलेच होते. ती म्हणाली, “अहो, डोळ्यांना चष्मा लागला तेव्हा एवढे तोंड पाडले नव्हते.” तरीही मी लाजलो. आणि लाजता लाजता मला प्रश्न पडला, की मी नेमका कशाला लाजतो आहे? खोटे बोललो असतो, कुणाचे पैसे बुडवले असते, तर लाज समजण्यासारखी होती. येथे मी काहीच केलेले नव्हते. अपराध नसताना येणारी ही लाज कुठली?

डॉक्टरांनी आधी औषध दिले नाही, हृदयाचा आलेख काढला. मला नवल वाटले. त्यांनी समजावले ते असे: ताठपणा हा रक्ताचा खेळ आहे. मज्जातंतूंकडून इशारा आला, की तेथल्या धमन्या सैल होतात, स्पंजासारख्या पेशीजालात रक्त भरते आणि परतीची वाट दाबली जाते. या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक. म्हणून रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या तर पुष्कळदा पहिली कुरकुर येथे होते आणि हृदयाची तक्रार काही वर्षांनी येते. म्हणजे लाजेने जो गप्प बसतो, तो कदाचित आपल्या हृदयाचा निरोप दडपून ठेवीत असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये १९८७ ते १९८९ या काळात चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांची मोठी पाहणी झाली. त्यांत ५२ टक्क्यांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास होता. निम्म्याहून अधिक! एवढ्या मोठ्या पंगतीत बसूनही प्रत्येकाला वाटते, की पान आपल्या एकट्याचेच मांडले आहे.

१९९८ साली सिल्डेनाफिल ही गोळी अमेरिकेत निघाली. ज्या वायूच्या इशाऱ्याने धमन्या सैल होतात त्या नायट्रिक ऑक्साइडचे काम उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले. गोळी चांगली आहे, पुष्कळांना उपयोगी पडते; पण छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब जिवावर बेतण्याइतका उतरतो. म्हणून ती डॉक्टरला विचारूनच घ्यायची. आणि गंमत पाहा, ‘शुद्ध वनस्पतींच्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत हेच औषध गुपचूप मिसळलेले वारंवार सापडले आहे. भिंतीवरच्या वैद्याला विचारायला जाणारा मनुष्य लाज वाचवतो आणि जीव पणाला लावतो.

मला डॉक्टरांनी गोळीबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली: व्यायाम. त्यासाठी नाशिकला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे धाडले. बाई कसल्या, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची मुलगी. मी खुर्चीत अंग चोरून बसलो. तिने कंबरेच्या हाडांचा एक प्लॅस्टिकचा सांगाडा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “काका, बाजेला नवार असते ना, तशी ही खालची नवार समजा. आतडी, मूत्राशय सगळे हिच्यावर पेललेले असते. नवार सैल पडली तर बाजेला काय अर्थ?” ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा असा झोळा असतो. त्यांतले पुढचे दोन स्नायू इंद्रियाच्या मुळाला वेढून असतात. ते आवळले, की आत भरलेल्या रक्तावर दाब येऊन ताठपणा पुरता होतो आणि टिकतो. हे स्नायू दुबळे झाले तर रक्त येऊनही थांबत नाही. वायू अडवताना जसे आतून वर ओढून घेतो तसे ओढायचे. पोट, मांड्या, श्वास मोकळे ठेवायचे. काही क्षण धरायचे आणि मग पूर्ण सोडायचे. आधी निजून, मग बसून, मग उभ्याने. धरण्याइतकेच सोडणे महत्त्वाचे, हे तिने तीनदा बजावले. काही पुरुषांत हे स्नायू सैल नसून उलट सदाचेच ताठरलेले असतात. त्यांना आवळण्याचा व्यायाम दिला तर दुखणे वाढते, त्यांना सैल सोडायलाच शिकवावे लागते. म्हणून आधी तपासणी, मग व्यायाम.

आमच्या योगाभ्यासी मित्राला हे सांगितले तेव्हा तो हसला. म्हणाला, “हा तर मूलबंध!” त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. हठयोगाच्या ग्रंथांत मूलबंध आहे, अश्विनीमुद्रा आहे. परंतु तेथे उद्देश प्राण वर नेण्याचा, येथे रक्त थोपवण्याचा. आपल्याकडे हे सारे आधीच होते असे म्हणून जो थांबतो, त्याला दोन्हींपैकी एकही मिळत नाही. आधुनिक व्यायामाचा प्रसार अमेरिकेतील आर्नल्ड केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ पासून केला, आणि तोही पुरुषांसाठी नव्हे, बाळंतपणानंतर लघवी न थांबणाऱ्या स्त्रियांसाठी. पुरुषांच्या या दुखण्यावर त्याचा कस लावला तो इंग्लंडमधील ग्रेस डोरी या फिजिओथेरपिस्ट बाईंनी. त्यांनी पंचावन्न पुरुषांवर केलेला अभ्यास २००५ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांअखेर ४० टक्के पुरुष पूर्ववत झाले, आणखी साधारण तिसरा हिस्सा सुधारला, उरलेल्या पावभागाला काही गुण आला नाही. माझी जागा मधल्या गटात आहे. एवढे पुरे.

एका संध्याकाळी मी घरी उताणा पडून सेकंद मोजत होतो. पत्नी दारात उभी राहून पाहत होती. मी तिला बाजेचा आणि नवारीचा दाखला सांगितला. केगेलसाहेबांचा व्यायाम मूळचा बायकांसाठी होता, हेही सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मला शिकवाल?” धाकटीच्या बाळंतपणापासून तिला खोकताना, शिंकताना, जोरात हसताना त्रास होत होता. बत्तीस वर्षे. लग्नाच्या पंगतीत ती वाढायला पुढे का होत नसे, सिन्नरला बहिणीकडे जायचे तर एसटीत बसण्याआधी पाणी का पीत नसे, याचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला. ‘हे बायकांचे असेच असते’, असे तिच्या आईने तिला सांगितले होते. पुढच्या खेपेला नाशिकला आम्ही दोघे गेलो. त्या मुलीने सांगितले, की तिच्याकडे येणाऱ्यांत स्त्रियाच अधिक. पुरुष येतात ते बहुधा संध्याकाळी, शेवटच्या वेळेला.

लाजेच्या प्रश्नावर जगातल्या मोठमोठ्यांनी डोके खाजवले आहे. ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ संत ऑगस्टीन याने ‘देवाचे नगर’ या ग्रंथात म्हटले आहे, की आदमने ईश्वराची आज्ञा मोडली आणि त्याची शिक्षा म्हणून माणसाचे स्वतःचे शरीर माणसाची आज्ञा मोडू लागले. हात उचल म्हटले तर उचलतो; हा अवयव मात्र नको तेव्हा उठतो आणि हवा तेव्हा ऐकत नाही. म्हणून माणूस लाजतो. निरीक्षण अचूक आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. जे माझ्या इच्छेच्या ताब्यात नाही, त्याची जबाबदारी माझ्यावर कशी? माझे हृदय माझ्या हुकमाने धडधडत नाही, जठर मला विचारून पचवीत नाही. त्यांच्या चुकण्याची मला चिंता वाटते, लाज वाटत नाही.

मला ऑगस्टीनपेक्षा फ्रान्सचा माँतेन जवळचा वाटतो. सोळाव्या शतकातला हा गृहस्थ निबंध या प्रकाराचा आद्य लेखक. कल्पनाशक्तीवरच्या निबंधात त्याने एका माणसाची हकीकत दिली आहे. मित्राचा असा फजितीचा किस्सा ऐकून त्याला भीतीने तोच त्रास जडला. त्यावर उपाय कोणता सापडला? आपल्याला हा त्रास होतो, हे आधीच सांगून टाकणे. अपेक्षा उतरली, मनावरचा ताण उतरला आणि शरीर आपल्या कामाला लागले. तरुणांतली पुष्कळशी दुखणी या जातीची असतात. भीतीने बिघडते, बिघडले म्हणून भीती वाढते. मनुष्य आपल्याच शय्येवर परीक्षक होऊन बसतो. आपल्या चरकानेही हे हेरले होते. क्लैब्याचे चार प्रकार त्याने सांगितले, त्यांत म्हातारपण आहे, धातूंचा क्षय आहे. पण वृष्य पदार्थांत श्रेष्ठ कोणता म्हणून विचारले, तेव्हा त्याने कोणत्याही मुळीचे नाव न घेता मनाच्या संकल्पाचे घेतले, आणि सर्वांत घातक म्हणून खिन्न मनाचे.

मग लाज येते कुठून? माझ्या मते ती ‘पुरुषार्थ’ या शब्दाच्या ऱ्हासातून येते. धर्म, अर्थ, काम, मोक्ष ही चार साध्ये म्हणजे पुरुषार्थ. स्त्रीनेही साधावीत अशी. आम्ही त्या शब्दाचा अर्थ आखडत आखडत एका अवयवापर्यंत आणला. आमचे विंचूर हे तलवारीचे गाव. येथले सरदार विठ्ठल शिवदेव मूळचे दाणी. विंचूरची जहागीर मिळाली आणि विंचूरकर झाले. पानिपतातून ते जिवंत परतले. वाड्याच्या वाटेवर उभे राहून गावातली पोरे अजून मर्दुमकीच्या गप्पा मारतात. त्या पोरांना मी वर्गात विराटपर्व शिकवताना विचारीत असे: अर्जुन एक वर्ष बृहन्नडा होऊन राजकन्येला नाच शिकवीत होता, त्या वर्षात त्याचा पराक्रम कमी झाला होता काय? वर्ष सरता सरता गाई सोडवायला एकटा कौरवांच्या सैन्यावर गेला तो कोण? पोरे हसत. पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण त्याच अर्जुनाला क्लैब्य सोड म्हणतो, तेव्हा तो शरीराविषयी बोलत नसतो, हे त्यांना पटत असे. भित्रेपणा हे क्लैब्य. ते मनाचे असते आणि त्याची लाज वाटायला हरकत नाही.

आणि येथेच मला गोष्ट गंभीर वाटते. कारण या लाजेची किंमत लाजणारा क्वचितच भरतो. हिरोडोटसने इजिप्तच्या अमासिस राजाची गोष्ट सांगितली आहे. सायरीनी नगरातली लॅडिकी त्याची राणी झाली. इतर स्त्रियांपाशी राजाला अडचण नव्हती, हिच्यापाशी मात्र काही साधेना. राजाने काय करावे? तूच माझ्यावर चेटूक केलेस, असे म्हणून तिला जिवे मारण्याची धमकी दिली. बिचारीने देवीला नवस बोलला, पुढे गाडे रुळावर आले आणि तिने मूर्ती पाठवून नवस फेडला. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. पण शरीर राजाचे, दोष राणीचा आणि नवसही राणीचाच, हा हिशेब आमच्या तालुक्यात अजून जुना झालेला नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात द्राक्षबागांची छाटणी चालू होती. माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. मी नाशिकला का जातो, हे त्याला कुठून तरी कळले होते, गावात कळतेच. त्याच्या लग्नाला तीन वर्षे झाली होती. मूल नव्हते. होणार कसे? त्याची आई सुनेला घेऊन देवस्थाने हिंडत होती. संकष्टीचा उपास, मंगळवारचा उपास, कुणी दिलेला काढा, कुणी बांधलेला दोरा. ओटी भरायच्या कार्यक्रमांत सुनेला कुणी पुढे बोलावीत नसे. आणि ती मुलगी सगळे ठाऊक असून तोंडातून अक्षर काढीत नव्हती. नवऱ्याची अब्रू राखीत होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तिला विवाह रद्द करून मागण्याचा मार्ग दिला आहे. तो तिला कुणी सांगितला नव्हता, आणि सांगितला असता तरी ती त्या वाटेने गेली असती असे मला वाटत नाही.

“सर, एवढे कुणाला सांगू नका,” तो म्हणाला. मी शब्द दिला. आणि शब्द दिल्यावर माझी झोप उडाली. विश्वासाने सांगितलेले गुपित पाळणे हा धर्म. पण त्या गुपिताच्या खाली एक निरपराध माणूस दररोज चिरडले जात असेल तर? गुप्तता आणि लपवाछपवी या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटतात. शय्येवरचे दाराबाहेर जाऊ नये, ही मर्यादा. तिच्यावाचून संसार होत नाही. परंतु आपल्या मौनातून दुसऱ्यावर खोटा आळ येत असेल आणि तो आपण येऊ देत असू, तर ती मर्यादा राहत नाही. अशी साक्ष लपवणाऱ्याला आपण एरवी काय म्हणतो?

मला या वेळी रघुनाथ धोंडो कर्वे आठवले. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवले. त्याआधी, १९२१ साली, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते. या मतांपायी त्यांची प्राध्यापकी गेली. मासिकात वाचकांची पत्रे येत, कोणाला सांगता न येणाऱ्या शंकांची. आणि कर्वे त्यांना गणिताच्या प्राध्यापकासारखी रोखठोक उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोक प्रश्न विचारतात तर जाणकाराने उत्तर का देऊ नये, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. कर्व्यांची सगळी मते मला पटत नाहीत. बोलण्यात ते उगाच बोचरे होत, असेही वाटते. परंतु त्यांनी उत्तरे देणे थांबवले तेव्हा ती जागा रिकामी राहिली नाही. भिंतींवर अक्षरे उमटली.

चौथ्या दिवशी मी त्या विद्यार्थ्याला बोलावले. सांगितले, “शब्द मी मोडणार नाही. नाशिकला तुझ्याबरोबर येईन, डॉक्टरांना भेटू, व्यायाम शिकू. तुझे वय लहान आहे, गुण यायला पुष्कळ जागा आहे. पण त्याला महिने लागतील, आणि त्या महिन्यांत तुझ्या बायकोने उपास करायचे नाहीत. आईला काय सांगायचे ते तू ठरव. तू सांगेपर्यंत मात्र माझ्या घरी चहाला येऊ नकोस.” कठोर बोललो. पत्नीला ते आवडले नाही. “पोराला धाक घालून काय मिळणार?” असे ती म्हणाली. तिचे म्हणणे कदाचित बरोबर असेल. धाकानेच तर तो आजारी पडला होता. तीन आठवडे तो फिरकला नाही. मी अस्वस्थ होतो. कांद्याच्या लिलावात एकदा लांबून दिसला, त्याने मान वळवली.

मग तो आला. आईला सांगितले होते, अर्धेच: “दोष माझ्यात आहे, उपचार चालू करतोय.” आई प्रथम रडली, मग सुनेने पोराला फितवले म्हणाली, मग हे गावात कुणाला कळता कामा नये म्हणाली. आम्ही नाशिकला तीनदा गेलो. पुढच्या खेपांना तो बायकोला घेऊन गेला, माझी गरज उरली नाही. त्याच्या प्रकृतीचे पुढे काय झाले, हे मी विचारीत नाही आणि तो सांगत नाही. ते योग्यच आहे. देवस्थाने आई अजून हिंडते, आता एकटीच. संकष्टीला उपास तीच धरते, मुलासाठी. सून त्या दिवशी भाकरी थापते आणि दुपारी जेवते.